लेकॉक : एका वास्तूची बदलत गेलेली कामं



जुनी वास्तू दाखवायला नेलं की मुलं वहीत दोनच गोष्टी लिहून आणतात: कोणी बांधली आणि कधी बांधली. पुढे तिथे काय काय होत गेलं, हे विचारायचं राहूनच जातं. तो प्रश्न शिकवायला इंग्लंडमधलं लेकॉक हे खेडं मला फार आवडतं. ते विल्टशर परगण्यात, बाथ शहराजवळ आहे. तिकडे जाणं झालं तर एक दिवस पुरतो.

सुरुवात गावातल्या चौदाव्या शतकातल्या कोठारापासून करा. शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा धर्मसंस्थेला द्यायचा, तो इथे साठवला जाई. आत गेल्यावर मान वर करून छप्पर बघा. जाड वाकड्या तुळया दोन्ही बाजूंनी वर चढत आढ्यापाशी भेटतात. शेजारीच घुमटाची छोटी दगडी कोठडी आहे. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना तिथे कोंडत! (मुलांना हीच जागा सगळ्यात जास्त लक्षात राहणार.)

मग मठाकडे वळा. १२३२ मध्ये सॉल्सबरीची काउंटेस एला हिने तो नन्ससाठी स्थापन केला. आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडमधले मठ बंद झाले, तसा हाही १५३९ मध्ये झाला. विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, चर्च पाडलं आणि बाकीच्या इमारतीचं राहतं घर केलं. चौकाभोवतीच्या ओवऱ्या मात्र ठेवल्या, म्हणून त्या आज दिसतात. हॅरी पॉटरच्या सिनेमातही त्या आहेत. घर झालं नसतं तर हे दगडही गेले असते, असं मला वाटतं. १९४४ मध्ये माटिल्डा टॅलबट यांनी मठ आणि बहुतेक सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिलं. गावातल्या जुन्या घरांत आजही भाडेकरू राहतात, दोरीवर कपडे वाळतात.

शेवटी दक्षिणेकडची जाळीदार काचांची खिडकी बघा. ऑगस्ट १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर तिचं चित्र आतून टिपलं, जेमतेम टपाल तिकिटाएवढं. आज टिकून असलेली ही सगळ्यात जुनी निगेटिव्ह मानली जाते. मोबाईलवर वाढलेल्या आपल्या मुलांनी निगेटिव्ह पाहिलेलीच नसते. ते चित्र वर्गात दाखवा. बाहेरून लख्ख उजेड येत असताना तावदानं काळी का दिसतात, ते आधी मुलांनाच विचारा. उत्तर लगेच सांगू नका.