एकेरीची कारकीर्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीव्हीवर दिसतो तो बहुतेकदा अंतिम सामना. त्याआधीची वर्षे कुणी पाहत नाही, म्हणून बॅडमिंटनमधल्या एकेरीच्या खेळाडूविषयी काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत. त्याच समजुतींवरून पालक मुलांचे निर्णय घेतात आणि प्रेक्षक दोन पराभवांनंतर खेळाडूला मोडीत काढतात.

गैरसमज : हा अंगाला फारसा न लागणारा खेळ आहे.
वस्तुस्थिती : २०१७ मध्ये ग्लासगोला पी. व्ही. सिंधू आणि जपानची नोझोमी ओकुहारा यांच्यातली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत ११० मिनिटे चालली. त्यातली एक रॅली ७३ फटक्यांची होती. एकेरीत कोर्टाचे चारही कोपरे एकट्यालाच सांभाळावे लागतात. क्षणात थांबणे, वळणे, झेपावणे यांचा सगळा भार गुडघ्यांवर येतो. रिओ ऑलिंपिकची सुवर्णविजेती कॅरोलिना मारिन हिचा उजवा गुडघा २०१९ मध्ये दुखावला, डावा २०२१ मध्ये. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे असताना उजव्याने पुन्हा दगा दिला.

गैरसमज : उंची नसेल तर एकेरीच्या वाटेला जाऊ नये.
वस्तुस्थिती : ग्लासगोला जिंकली ती ओकुहारा, सिंधूपेक्षा जवळजवळ वीतभर बुटकी. उंचीमुळे स्मॅशला तीव्र कोन मिळतो, हे खरे. पण चपळ पाय आणि चिवट बचाव त्याला उत्तर देऊ शकतात.

गैरसमज : पंचविशी उलटली की संपले.
वस्तुस्थिती : एच. एस. प्रणॉय २०१७ मध्ये अमेरिकन ओपन जिंकला, त्यानंतर जवळपास सहा वर्षे त्याला एकेरीचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. मे २०२३ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याने मलेशिया मास्टर्स जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोपनहेगनला त्याने ऑलिंपिक विजेत्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनला त्याच्याच देशात हरवले आणि जागतिक कांस्यपदक मिळवले.

गैरसमज : एकदा अव्वल झाला की स्थान पक्के.
वस्तुस्थिती : क्रमवारी ठरते ती गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवर. जुने गुण गळत जातात. किदम्बी श्रीकांत एप्रिल २०१८ मध्ये जगात पहिला होता. पुढच्याच वर्षी तो पहिल्या दहांतून बाहेर गेला. पण २०२१ मध्ये पहिल्या दहांत नसतानाही त्याने जागतिक रौप्यपदक पटकावले.

गैरसमज : जगज्जेता म्हणजे मालामाल.
वस्तुस्थिती : २०१९ मध्ये सिंधू बासेलला जगज्जेती झाली, त्या स्पर्धेत बक्षिसाची रक्कमच नव्हती. लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेची २०२४ मधली एकूण रक्कम २ लाख १० हजार डॉलर. एकेरीच्या विजेत्याचा वाटा साडेसात टक्के, म्हणजे १५ हजार ७५० डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती काहीच नाही. विमानभाडे, प्रशिक्षक, फिजिओ यांचा खर्च मात्र चालूच राहतो. सायना नेहवाल आणि सिंधू यांनाही भारत पेट्रोलियमच्या नोकरीचा आधार होता. क्रमवारीत खाली असलेला तरुण खेळाडू पुढची परदेशी स्पर्धा खेळणार की नाही, हे अनेकदा अशा नोकरीवर, प्रायोजकावर किंवा घरच्यांच्या बचतीवर ठरते.