खोका भरण्याआधी एक फोन!

पूर आला की आपल्या कॉलेजात काय होतं? ग्रुपवर मेसेज फिरतो, कट्ट्याजवळ खोके लागतात, बिस्किटं नि जुने कपडे जमतात. भावना शंभर टक्के खरी. पण हे सामान भामरागडला पोचवायचं असेल तर?

गडचिरोलीपासून सुमारे 180 किलोमीटर. इथं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेला आणि पलीकडची गावं तुटली. तुमचा टेम्पो अलीकडच्या काठावरच उभा राहिला असता.

म्हणून इथली खरी मदत पुराच्या आधीच सुरू होते. दुर्गम गावांत पावसाळ्याचं रेशन आगाऊ पोचवतात. दिवस भरत आलेल्या बायकांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या 'माहेरघरा'त आणून ठेवतात. याचे फोटो व्हायरल होत नाहीत, पण जीव यानंच वाचतात.

तेव्हा यंदा परीक्षा संपल्या की एनएसएसच्या सरांना गाठा. तिथं काम करणाऱ्या संस्थेला फोन लावून विचारा, "पावसाआधी काय हवंय?" पाणी ओसरल्यावर पुन्हा विचारा. खोका त्यानंतर भरा.