टर्बो-डिझेलची धूरनळी केवढी असावी?

वीज गेली कीं रुग्णालयाच्या मागील अंगणांत जनरेटरची घरघर सुरू होते. शस्त्रक्रियेचा दिवा ज्या यंत्राच्या भरंवशावर जळतो, त्याच्या धूरनळीकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. बाजारांत स्वस्त मिळेल ती नळी जोडली जाते. ही काटकसर आम्हांस महाग वाटते.

सोलापूरकरांस धुरांडें नवें नाहीं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारें ९० मीटर उंच चिमणी १५ जून २०२३ रोजीं पाडली गेली. चिमणींतील तप्त वायु हलका असल्यानें वर चढतो व भट्टींत हवा ओढतो. उंची जास्त तितकी ओढ जास्त. यावरून पुष्कळांस वाटतें कीं, इंजिनाची नळीही उंच व अरुंद असली म्हणजे धूर झपाट्यानें निघेल. तसें नव्हे.

टर्बो म्हणजे एकाच आंसावरील दोन चक्रें. इंजिनाचा तप्त धूर एक चक्र फिरवितो. दुसरें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. (स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनीं १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें.) पाणचक्कीच्या पुढें पाणी तुंबलें कीं चाक मंदावतें, तद्वत् टर्बोच्या पुढील नळींत धूर तुंबला कीं चक्राचा जोर जातो. हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतें, काळा धूर निघतो आणि टर्बो नको तितका तापतो.

आतां हिशेब पाहूं. सहा लिटरचें फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असतां सेकंदास ७५ लिटर हवा घेतें. टर्बोनें ती दुप्पट दाटली तर १५० लिटर. धूर ५०० अंश सेंटिग्रेड तापून अडीच पट फुगला म्हणजे जवळजवळ पावणेचारशें!

अशा इंजिनावर १०० केव्हीएचा जनरेटर चालतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणें त्याची नळी इमारतीच्या माथ्याहून दोन मीटर वर न्यावी लागते. इमारत १५ मीटर असेल तर नळी १७ मीटर. एवढ्या उंचीची ओढ जेमतेम एक सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतकी. उलट घर्षणाचा अडथळा चार इंची नळींत सुमारें १८ सेंटीमीटर, तर तीन इंची नळींत ७५! व्यास घटला कीं अडथळा पांचव्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. कांहीं कारखानदार सायलेन्सर धरून सत्तरेक सेंटीमीटरपर्यंतच मुभा देतात. शिवाय प्रत्येक काटकोनी वळण सुमारें तीन मीटर सरळ नळीइतकें अडवितें. म्हणून येथें चार इंच, आणि वळणें अनेक असतील तर पांच. त्याहून मोठी नळी घेतल्यास लाभ थोडा, भार मात्र वाढतो. आणि तो भार टर्बोवर न पडतां भिंतीच्या आधारांवर पडला पाहिजे.

नळी बसविल्यावर इंजिन पूर्ण भारावर चालवावें व कुशल मिस्त्रीकडून टर्बोच्या पुढें यू-आकाराची पाण्याची नळी जोडून घ्यावी. दोन्ही बाजूंच्या पाण्यांतील अंतर कारखानदारानें दिलेल्या आंकड्याहून अधिक भरलें, तर नळी बदलावी.