तंबोऱ्याचे माहेर : मिरज

व्यापारानिमित्त दक्षिण महाराष्ट्रात फिरणाऱ्यांना मिरज परिचित असते ती रेल्वेचे जंक्शन आणि रुग्णालयांचे शहर म्हणून. परंतु येथे गाडी बदलताना दोन-चार तास हाताशी असतील, तर सतारमेकर गल्लीत अवश्य जावे. देशभरच्या मैफलींतील सूर जेथे आकार घेतो, ती ही गल्ली.

एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी शस्त्रांची कारागिरी सोडून येथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. पुढे व्यवसायच आडनाव झाला. पंढरपूर परिसरातील वाळविलेला भोपळा, तुणाच्या लाकडाची दांडी आणि शेवटी ‘जवारी’, असा हा क्रम आहे. घोडीचा माथा किंचित घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून ध्वनी खुलविला जातो. या कामाला मोजपट्टी नाही. पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला कान हेच त्याचे माप होय.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे याच नगरीत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले, तरी त्यांची समाधी मिरजेतच, मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात आहे. तेथील उरुसात गायक-वादक त्यांना स्वरांजली वाहतात; नवरात्रात अंबाबाईच्या मंदिरातही मैफली होतात. प्रवासाचा बेत या दिवसांत आखल्यास उत्तम.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. हाताला काम मात्र गिऱ्हाईकच देतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा स्वस्त आणि नेण्यास सोपा असल्याने घरोघरी तोच दिसतो. पुढच्या पिढीने या कामात का राहावे, हा कारागिरांपुढील खरा प्रश्न आहे.

घरातील मुले गाणे शिकत असतील, तर त्यांना सोबत न्यावे. स्त्री व पुरुष आवाजांचे तंबोरे वेगळे असतात. म्हणून गाणाऱ्याची पट्टी सांगूनच वाद्य निवडावे. घोडीसाठी हाड वा शिंग वापरण्याची जुनी रीत आहे. अहिंसेचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी लाकडी किंवा कृत्रिम घोडीची मागणी आधीच स्पष्ट करावी. आणि पुढे जवारी उतरली की वाद्य त्याच कारागिराकडे न्यावे. पेढी आणि गिऱ्हाईक यांचे पिढीजात नाते आपल्या समाजाला नवे नाही. या गल्लीलाही त्याचीच गरज आहे.