न संपणारी तबकडी

शब्दांशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे त्याला शब्दांवाचूनच्या संगीताचे आकर्षण असते आणि त्या आकर्षणात थोडा मत्सरही मिसळलेला असतो. एक माणूस आतून खचला आहे एवढे सांगायला कादंबरीकाराला त्याचे नाव-गाव, नोकरी, घर, बायकामुले असा सारा गोतावळा उभा करावा लागतो. सारंगियाला त्यासाठी गजाचा एक फेर पुरतो. हा मत्सर जुनाच आहे. पण गेल्या काही वर्षांत एका अगदी परक्या मुलखातले संगीत ऐकताना तो मला अधिक छळू लागला आहे. दोन-तीन विजेच्या गिटारी, ड्रम, क्वचित व्हायोलिन-चेलो. गायक बहुधा नाहीच आणि एकेक रचना पंधरा-वीस मिनिटांची. या संगीताला ‘पोस्ट-रॉक’ म्हणतात.

नाव काही गोंडस नाही. ‘रॉकनंतरचे’ एवढाच त्याचा अर्थ. सायमन रेनल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ साली ‘बार्क सायकोसिस’ या बँडच्या ‘हेक्स’ या तबकडीविषयी लिहिताना ते वापरले आणि त्याच वर्षी ‘द वायर’ या मासिकात त्याचा अर्थ विस्ताराने उलगडून दाखवला. थोडक्यात म्हणणे असे, की वाद्ये रॉकचीच घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकचे काम करून घ्यायचे नाही. गिटारीने गाण्याला साथ करण्याऐवजी नादाचा पोत विणायचा, त्याचे रंग गडद किंवा फिके करायचे.

नाव पडण्याआधीच बाळ जन्माला आलेले होते. ‘टॉक टॉक’ हा इंग्लिश बँड ऐंशीच्या दशकात लोकप्रिय गाण्यांवर चांगला नावारूपाला आला होता. १९८८ मध्ये त्यांनी ‘स्पिरिट ऑफ ईडन’ काढली. अंधारलेल्या स्टुडिओत महिनोन्महिने वादकांना हवे तसे वाजवू दिले आणि ध्वनिमुद्रित झालेल्यातले बहुतेक टाकून देऊन थोडेच ठेवले. मार्क हॉलिस यांचा आवाज तिच्यात आहे. पण शब्द कुणी स्वतःशीच पुटपुटावे तसे येतात आणि मधल्या शांततेत विरून जातात. हॉलिस पुढे १९९८ मध्ये स्वतःच्या नावाने एक तबकडी काढून जवळपास गप्पच झाले आणि २०१९ मध्ये गेले. लिहिलेल्यातले बहुतेक फाडून टाकण्याचे धैर्य किती लेखकांजवळ असते, हा विचार मला त्यांची तबकडी ऐकताना हटकून येतो. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी ‘स्लिंट’ या बँडच्या विशीतल्या पोरांनी १९९१ मध्ये ‘स्पायडरलँड’ काढली. ती बाजारात येईपर्यंत बँड मोडलासुद्धा होता. पुढच्या दहा वर्षांत शिकागो, ग्लासगो, माँट्रियल, रेक्याविक, टोकियो अशा ठिकाणी जे उगवले त्याचे बरेचसे बियाणे या दोन ठिकाणचे आहे.

माझी या संगीताशी ओळख झाली ती एका भयपटामुळे. डॅनी बॉइल यांच्या ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’ या २००२ सालच्या चित्रपटात एक तरुण इस्पितळात शुद्धीवर येतो आणि ओस पडलेल्या लंडनमधून चालत राहतो. संवाद जवळजवळ नाहीत. पार्श्वभूमीला एक गिटार तेच ते चार-दोन स्वर घोळवते आहे; हळूहळू बाकीची वाद्ये तिला येऊन मिळतात आणि रिकाम्या पुलावरचा तो एकटा माणूस आणखी एकटा होत जातो. ती रचना ‘ईस्ट हेस्टिंग्ज’, आणि वादक माँट्रियलचे ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’. ईस्ट हेस्टिंग्ज हा कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातला रस्ता; दारिद्र्य आणि बेघरांची वस्ती यांसाठी तो माहीत आहे. चित्रपटात तिचा तुकडाच आहे. मूळ रचना ऐकली तेव्हा कळले, की हे संगीत ऐकायला फारशी तयारी लागत नाही, वेळ मात्र लागतो.

त्या वेळात नेमके काय होते? रॉकचे रूढ गाणे तीन-चार मिनिटांचे असते. कडवे, ध्रुवपद, पुन्हा कडवे. येथे एक छोटा स्वरसमूह घेतात आणि तो पुन्हा पुन्हा वाजवतात. गिटारीचा स्वर छेडल्याबरोबर मरू लागतो, ही तिची उपजत अडचण. त्यावर या लोकांनी उपाय शोधले आहेत. पायाखालच्या पेडलने छेडलेला स्वर क्षणभराने परत ऐकू येतो, मग आणखी क्षीण होऊन पुन्हा; तीन स्वर वाजवले की तीसांची दाटी होते. दुसरा उपाय एकाच स्वरावर लागोपाठ झपाझप आघात करण्याचा. संतूरवादक हलक्या आघातांच्या झडीने स्वर टिकवतो, तसाच. आइसलँडच्या ‘सिगुर रोस’ या बँडचे योन्सी तर गिटारीवर चेलोचा गज फिरवतात. या साऱ्यातून एक चढ रचला जातो. दहाव्या मिनिटाला कळते, की पहिल्या मिनिटातला तो क्षीण स्वरसमूह अजून तसाच आहे. त्याच्याभोवतीचे जग मात्र बदलले आहे.

सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसलेल्या मराठी श्रोत्याला वीस मिनिटांचे अप्रूप वाटू नये. विलंबित ख्यालाचा सावकाश उलगडा आपल्या कानांच्या ओळखीचा आहे आणि आलाप, जोड, झाला हा चढही. त्यामुळे मला या संगीतात शिरायला आपल्या संगीताचे दार सोयीचे पडले. पण त्या दारातून आत गेल्यावर घर निराळे निघते. ख्यालात एका माणसाची प्रतिभा त्या घटकेला राग उलगडत असते; आज ऐकलेला मारवा उद्याचा नसतो. येथे बहुतेक सारे आधी बसवलेले असते आणि कुणा एकाचे नसते. पुढे येऊन दाद घेणारा वादक नाही. ‘गॉडस्पीड’चे वादक अर्धवर्तुळात बसतात, श्रोत्यांशी बोलत नाहीत, आणि मागच्या पडद्यावर जुन्या फिल्मच्या प्रोजेक्टरमधून करड्या चित्रांची हलती पट्टी सरकत राहते. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आवाजाचा लहानमोठेपणा ही दुय्यम गोष्ट आहे; सारा अर्थ स्वरात आणि लयीत. येथे आवाजाची पातळी हीच अर्थाची मुख्य वाहक. ग्लासगोच्या ‘मोग्वाय’ची १९९७ सालची ‘मोग्वाय फिअर सेटन’ ही सोळा मिनिटांची रचना मधेच इतकी खाली उतरते, की संपली असे वाटते. मग जे उसळते त्याला मोठा आवाज म्हणणे अपुरे आहे. ती शांतता नसती, तर तो उद्रेक निव्वळ गोंगाट ठरला असता.

शब्द वगळण्याच्याही तऱ्हा आहेत. ‘सिगुर रोस’च्या २००२ सालच्या तबकडीला नाव म्हणून फक्त दोन कंस आहेत. तिच्यात गायन आहे, पण भाषा कुठलीच नाही. आपल्या तराण्यातल्या बोलांसारखे अर्थाचे ओझे नसलेले उच्चार आहेत. सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी ठेवली होती. श्रोत्याने हवे ते लिहावे. आयुष्यभर पाने भरण्याची खटपट केलेल्या माणसाला ती कोरी पाने पाहून काय वाटले असेल, हे सांगायला नको. ‘मोग्वाय’ची मंडळी उलट रचनांना चेष्टेची, संदर्भहीन नावे देतात, जणू नावावरून काही शोधू नका असे बजावतात. त्यांची तबकडी २०२१ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर होती. आपल्याकडेही हे बी रुजले आहे. अहमदाबादेतून पुढे आलेल्या ‘अ‍ॅज वी कीप सर्चिंग’ या बँडने २०१७ मध्ये ‘झिया’ काढली. तिच्यात हिंदी शब्दही आहेत.

मी मात्र पुन्हा पुन्हा ‘गॉडस्पीड’कडे वळतो. त्यांच्या २००० सालच्या दुहेरी तबकडीत चार रचना आहेत, एकूण सुमारे ८७ मिनिटे. त्यातल्या एका रचनेची सुरुवात एका म्हाताऱ्याच्या बोलण्याने होते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची आठवण तो काढतो. त्याच्या उमेदीच्या काळात लोक त्या किनाऱ्यावर रात्री झोपत, आता कुणी झोपत नाही. तक्रार नाही, हुंदका नाही. तो गप्प होतो आणि गिटार सुरू होते. त्यानंतरची वीस-बावीस मिनिटे मी त्या म्हाताऱ्याच्या न बोललेल्या वाक्यांसारखी ऐकतो. कादंबरीत हे करायला मला एक अख्खे प्रकरण लागले असते आणि तरीही ते जमले असते असे नाही.

आता खरा प्रश्न. हा बँड स्वतःला उघडपणे राजकीय मानतो. शब्द नसलेले संगीत राजकीय कसे असेल? मोर्चाला घोषणा लागते, घोषणेला शब्द लागतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात पेट्रोल पंपावर थांबलेले हे वादक तिथल्या कुणाला दहशतवादी वाटले; पोलिसांना बोलावले गेले, एफबीआयने चौकशी केली आणि मग त्यांना सोडले. २०१३ मध्ये त्यांना कॅनडाचा पोलारिस पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्या झगमगाटी सोहळ्यावरच टीका केली आणि पुरस्काराचे ३० हजार डॉलर क्वेबेकच्या तुरुंगांतील कैद्यांना वाद्ये मिळावीत म्हणून वापरण्याचे जाहीर केले. हे झाले वादकांचे वागणे. संगीताचे काय?

याचे उत्तर मला २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या त्यांच्या तबकडीवर सापडले. तिला शीर्षक नाही. शीर्षकाच्या जागी मजकूर आहे तो असा: ‘१३ फेब्रुवारी २०२४ अखेर शीर्षक नाही, मृत २८,३४०’. गाझातील आरोग्य खात्याने त्या तारखेपर्यंत दिलेला मृतांचा हा आकडा. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली आहेत. ‘अखेर’ हा शब्द मी हजारो तक्त्यांवर लिहिला, तपासला, त्याखाली सही केली. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की हा आकडा आजच्यापुरता खरा आहे. उद्या सकाळी खिडकी उघडली की तो बदलणार. बँकेत त्यात काही क्रूर नसते. येथे तोच शब्द वाचताना अंगावर काटा येतो. तबकडी बाजारात आली तोवर त्याच खात्याचा आकडा ४० हजारांच्या पुढे गेला होता. वादकांनी शोकगीत लिहिले नाही, निषेधाचे पत्रकही गाऊन दाखवले नाही. त्यांनी एक तारीख आणि एक आकडा लिहिला आणि मग वाजवायला घेतले. वर्तमानपत्रात तोच आकडा आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. येथे त्या आकड्यापाशी मुकाट्याने बसावे लागते. पान उलटायला काही नसते. संगीताने येथे बाजू मांडली असे मी म्हणणार नाही. त्याने आपल्याला थांबवून धरले. शब्दांना हल्ली हे फारसे साधत नाही.

या संगीताचे दोषही सांगितले पाहिजेत. हळू सुरुवात, सावकाश चढ आणि शेवटी स्फोट हा साचा आता इतका झिजला आहे, की नवा बँड ऐकताना स्फोट कितव्या मिनिटाला होणार हे आधीच सांगता येते. टेक्ससच्या ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ने २००४ मध्ये फुटबॉलवरच्या एका चित्रपटाला उत्तम संगीत दिले, पण पुढे त्या धाटणीची नक्कल ठिकठिकाणी झाली. भावना तयार कपड्यांसारखी विकत मिळू लागली की कलेचे दिवस भरत आले असे समजावे. म्हणूनच नवख्या श्रोत्याने सारे ऐकू नये. एखादी रचना घ्यावी, खोलीतला दिवा मंद करावा, हातातला फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि निम्म्यात उठू नये.

‘गॉडस्पीड’च्या १९९७ सालच्या पहिल्या मोठ्या तबकडीच्या पाकिटात रेल्वेखाली चिरडलेले एक पेनीचे नाणे घातलेले असे. आपल्याकडे रुळावर पैसा ठेवून त्याचा पत्रा करण्याचा उद्योग पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. फाटक्या नोटेचेही मूल्य ठरवायला बँकेत नियम असतात. छाप पुसलेल्या या नाण्याला कुठल्याच काउंटरवर किंमत नाही, आणि ते कुणी टाकूनही देत नाही. त्याच तबकडीची दुसरी बाजू संपत नाही. शेवटची चर बंद वर्तुळासारखी कोरलेली आहे. सुई तिच्यात अडकते आणि तोच तुकडा फिरत राहतो, श्रोता स्वतः उठून सुई उचलेपर्यंत.