चौकट बदलते, माणूस तोच राहतो

आजच्या भागाची सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामा १९६८ साली शिकागोला गेला. १९७०च्या जनगणनेत तिथल्या भारतीयांना 'गोरे' या गटात मोजलं गेलं. १९८०मध्ये 'एशियन इंडियन' ही स्वतंत्र चौकट आली आणि मामा आशियाई झाला. "रंग तोच, पण सरकारदरबारी वंश बदलला," असं तो हसत सांगायचा. त्याही आधी, १९२० ते १९४०च्या जनगणनांमध्ये, तिथे भारतीयांसाठी 'हिंदू' असा चक्क वंश होता. मग माणूस शीख असो की मुसलमान.

इथे मामाची चौकट सरकारने बदलली. पण माणसं स्वतःच आपली चौकट बदलतात का? मिनेसोटा विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन लीब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी २००० आणि २०१० या दोन्ही जनगणनांमधल्या त्याच त्या माणसांच्या नोंदी, नावं गुप्त ठेवून, एकमेकींशी जोडल्या. अशा सुमारे १६ कोटी २० लाख नोंदी जुळल्या. त्यांपैकी ९८ लाख लोकांचं, म्हणजे ६.१ टक्के लोकांचं, वंशाबद्दलचं किंवा हिस्पॅनिक मूळाबद्दलचं उत्तर दहा वर्षांत बदललेलं होतं. गोरे, कृष्णवर्णीय आणि आशियाई यांची उत्तरं बरीचशी स्थिर होती. अमेरिकेच्या मूळनिवासी लोकांच्या गटात मात्र ये-जा बरीच जास्त होती.

आता तुम्ही म्हणाल, याचा आरोग्य विम्याशी काय संबंध? एक हिशेब करून पाहू. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा, एका गटात १०० माणसं आहेत आणि त्यांपैकी ३० जणांकडे विमा नाही. प्रमाण ३० टक्के. दहा वर्षांनी आणखी १०० माणसं स्वतःला त्याच गटातली म्हणवू लागली. ही शहरात राहणारी, बऱ्या नोकरीतली. त्यांच्यात विमा नसलेले फक्त १०. आता २०० माणसांत ४० जण विम्याविना, म्हणजे २० टक्के. अहवालात छापून येईल की परिस्थिती सुधारली. प्रत्यक्षात एकाही माणसाला नवा विमा मिळालेला नाही! जुने ३० जण होते तिथेच आहेत. त्या आकड्यावर विसंबून कुणी त्यांच्या दवाखान्याचा निधी कमी केला, तर फटका नेमका त्यांनाच बसेल.

मूळनिवासींच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. त्यांच्यासाठी 'इंडियन हेल्थ सर्व्हिस' ही सरकारी आरोग्यसेवा आहे. पण सेवा म्हणजे विमा नव्हे. ज्याच्याकडे फक्त हीच सेवा आहे, त्याला जनगणना विभाग 'विमा नसलेला' असंच मोजतो. म्हणजे कोण मूळनिवासी आणि कोण विमाधारक, या दोन्ही व्याख्या ठरल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही.

मृत्यूच्या नोंदीतही हेच घडतं. जिवंतपणी माणूस आपला वंश स्वतः सांगतो. मृत्यूच्या दाखल्यावर तो दुसरंच कुणी लिहितं. अनेक मूळनिवासींची नोंद मेल्यावर 'गोरे' म्हणून झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे त्यांचा मृत्युदर कागदावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मरणही धड मोजलं जात नाही, मंडळी.

मग वंश विचारणंच बंद करावं का? मला तसं वाटत नाही. विचारलंच नाही, तर दरी मिटत नाही, फक्त दिसेनाशी होते. २०१०च्या आरोग्य कायद्याने तर सरकारी आरोग्य योजनांत आणि पाहण्यांत वंशाची माहिती गोळा करायला सांगितलं, ते याच कारणासाठी. मार्च २०२४मध्ये प्रश्नाचं रूप पुन्हा बदललं: वंश आणि हिस्पॅनिक मूळ आता एकाच प्रश्नात विचारायचं ठरलं, आणि 'मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका' ही नवी चौकट आली. म्हणजे पुढच्या आकड्यांची मागच्या आकड्यांशी तुलना करताना आणखी जपावं लागणार.

तेव्हा कोणत्याही गटाची टक्केवारी दिसली, की तीन प्रश्न विचारा. गट कोणी ठरवला, माणसाने स्वतः की दुसऱ्याने? मागच्या वेळी मोजलेली माणसं हीच होती का? आणि जे मोजलं, त्याची व्याख्या काय? उत्तरं मिळाली, तरच आकडा वर गेला की खाली, यावर बोलू.

मामा आता नाही. त्याच्या दाखल्यावर कोणती चौकट भरली गेली, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारणार आहे.

भेटू पुढच्या भागात.