सूर कुणाचा, भाव कुणाचा?



'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते. हा प्रसंग वाचून माझ्या वर्गातल्या एकाने लिहिलं, "मला आईचा राग आला." मी चूक दिली. चूक माझीच होती!

सूर म्हणजे सांगणाऱ्याच्या मनातली भावना. मोठा झालेला श्याम तक्रार करत नाही, कृतज्ञतेने सांगतो. वाचताना आपल्या मनात उमटतो तो भाव; तो वेगळा असू शकतो.

म्हणून मुलांना दोन प्रश्न विचारा: सांगणाऱ्याला काय वाटतंय? तुला काय वाटलं? पहिल्या उत्तरासाठी धड्यातला शब्द दाखवायला सांगा. दुसरं उत्तर आधी नीट ऐकून घ्या. लाल पेन नंतर.